छपराला पाडलेलं भोक

साठ फुटांवरून माणसाकडे सरळ खाली पाहिलं, तर दिसतो केसांतला भांग आणि दोन खांदे. माणूस चालत असेल तर मधूनच पुढे डोकावणारी बुटांची टोकं. चेहरा दिसत नाही, नजर दिसत नाही, पायांचं काम तर जवळजवळ नाहीच. नाचणाऱ्याने वर्षानुवर्षं घाम गाळून जे कमावलेलं असतं, ते या एका कोनातून पार पुसलं जातं. तरीही हॉलिवूडच्या जुन्या नाचगाण्यांची आठवण निघाली की डोळ्यांसमोर पहिल्यांदा हाच कोन येतो: वरून दिसणाऱ्या मुली, फुलासारख्या उमलणाऱ्या आणि मिटणाऱ्या. हा कोन ज्याच्या नावाला कायमचा चिकटला, त्या बझ्बी बर्कली या नृत्यदिग्दर्शकाने नाचाचं शिक्षण कधीच घेतलं नव्हतं.

या दोन गोष्टी एकाच गाठीत बांधलेल्या आहेत असं मला वाटतं. पावलं ज्याची जीव की प्राण आहेत, तो माणूस पावलं न दिसणाऱ्या जागी कॅमेरा नेईलच कशाला? बर्कलीकडे पावलं नव्हती. त्याच्याकडे मोजणी होती. कोण कुठे उभा, कितव्या अंकाला कुठे वळायचं, किती जणांनी मिळून कोणता आकार करायचा, हे त्याला येत होतं. म्हणून त्याचं काम समजून घ्यायचं तर आधी थोडं गणित करावं लागतं.

१९३२ पासून हॉलिवूडमध्ये ३५ मिमी फिल्मवरची चौकट साधारण २२ मिमी रुंद आणि १६ मिमी उंच अशी ठरून गेली. समजा, कॅमेऱ्याला २५ मिमीचं भिंग लावलं आणि तो जमिनीपासून ४० फुटांवर, तोंड खाली करून टांगला. खालचा जेमतेम ३५ फूट बाय साडेपंचवीस फुटांचा तुकडा चौकटीत मावतो. रचना गोल असेल तर ३५ फुटांचा काही उपयोग नाही, वर्तुळाला लहान बाजूच आडवी येते. पाठीवर झोपलेली मुलगी साडेपाच फूट धरा. मधे दोन फूट त्रिज्येची मोकळी जागा सोडून, डोकी आत आणि पाय बाहेर असं मुलींचं एक कडं मांडलं, तर त्याचा व्यास १५ फूट. त्याभोवती दुसरं कडं मांडलं की २६ फूट. म्हणजे दुसऱ्याच कड्याला पायांची बोटं चौकटीबाहेर गेली! तिसरं कडं हवं असेल तर ३७ फूट लागतात, आणि तेवढं दिसायला कॅमेरा ६० फुटांवर न्यावा लागतो.

जास्त रुंद भिंग लावून ४० फुटांवरूनच का भागवू नये, असं कुणी विचारेल. भागवता येतं, पण मग कडेच्या मुली वरून न दिसता बाजूने दिसायला लागतात. मधली मुलगी म्हणजे नुसता भांग, आणि कडेची मुलगी मात्र बाहेरच्या बाजूला कललेली, तिचा झगा, कंबर, पाय सगळं दिसतंय. नक्षी विस्कटते, कारण नक्षीतला प्रत्येक ठिपका सारखा दिसला तरच ती नक्षी. उंचीला पर्याय नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत बर्कलीने छपरांना भोकं पाडून घेतली, ती हौस म्हणून नव्हे.

कड्यांतल्या मुलींची संख्याही मनाला येईल तशी धरून चालत नाही. आतल्या कड्यात बारा जणी असतील तर बाहेर चोवीस आणि त्याच्या बाहेर छत्तीस, तरच चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा सरळ जुळतात. झाल्या बहात्तर. त्यातली एक आजारी पडली तर सत्तराव्या-एकाहत्तराव्या मुलीने थोडं सरकून घेऊन भागत नाही. समोरून पाहताना रांगेतली फट सहज झाकता येते, वरून पाहताना ती पडलेल्या दातासारखी दिसते.

बर्कलीचा जन्म लॉस एंजेलिसचा, २९ नोव्हेंबर १८९५चा. आई गर्ट्रूड बर्कली ही रंगभूमीवरची नटी, घर नाटकवाल्यांचं. पण मुलाला तिने न्यूयॉर्क राज्यातल्या मोहेगन लेक इथल्या लष्करी शाळेत घातलं, आणि तिथून तो १९१४ साली बाहेर पडला. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या ॲथॉल गावी बुटांच्या कारखान्यात नोकरी. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात लेफ्टनंट होऊन फ्रान्सला गेला, आणि तिथे त्याच्याकडे कवायतीचं काम आलं.

ही कवायत फार महत्त्वाची आहे. रोजची तीच ती संचलनं करून कंटाळलेल्या बर्कलीने वरिष्ठांकडून परवानगी काढली आणि बाराशे जवानांसाठी वेगळी कवायत रचली. त्याने स्वतः पुढे मुलाखतींत सांगितलं आहे की या कवायतीत तोंडी हुकूम एकही नव्हता. हालचालींना क्रमांक दिलेले, तुकडीनायकांना ते आधी समजावलेले, आणि मग बाराशे माणसं कुणी काही न ओरडता वळायची, फुटायची, पुन्हा एकत्र यायची. प्रत्येकाच्या डोक्यात स्वतःचे आकडे चालू. एकूण आकार कसा दिसतो हे आतल्या कुणालाच दिसत नाही, तो फक्त बाहेर उभ्या असलेल्या एकाला दिसतो. बर्कलीची पुढची सगळी कारकीर्द या दोन वाक्यांत आहे. युद्धाच्या काळात त्याने विमानातून टेहळणी करण्याचं प्रशिक्षणही घेतलं होतं. वरून खाली पाहण्याची सवय तिथलीच असावी, असं म्हणायचा मोह होतो, पण मी कवायतीला जास्त वजन देईन. उंची काय, कुठूनही मिळते.

युद्धानंतर तो ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर आला आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीला संगीत नाटकांचे नाच बसवण्यात त्याचं नाव झालं. १९२७ सालच्या ‘अ कनेटिकट यांकी’मध्ये एक प्रवेश होता, राणी ग्विनेव्हिअरच्या नृत्यवर्गाचा. त्यात बॅलेच्या पहिल्या पाच स्थिती दाखवायच्या होत्या, आणि बर्कलीला त्यातली एकही माहीत नव्हती. त्याने कोरसमधल्या, म्हणजे मागे समूहाने नाचणाऱ्या मुलींतल्या एकीला सांगितलं, तू पहिली स्थिती कर. तिने केली. मग दुसरीला दुसरी. असं करत त्याने तालमीतच आपल्या मुलींकडून पाचही स्थिती शिकून घेतल्या. ही गोष्ट त्यानेच सांगितली आहे. मला ती आवडते, कारण अज्ञान झाकण्यासाठी त्याने बडबड केली नाही, निरीक्षण केलं. पावलं शिकवायला साहाय्यक असत, तो स्वतः आकार पाहत असे.

त्या काळी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या कामाला ‘डान्स डायरेक्टर’ म्हणत. ‘कोरिओग्राफर’ हा शब्द हॉलिवूडमध्ये रुळला तो नंतर. आपल्याकडे ‘नृत्यदिग्दर्शक’ हाच शब्द टिकला, आणि बर्कलीच्या बाबतीत तोच जास्त खरा आहे. तो नाच रचण्यापेक्षा नाचाचं दिग्दर्शन करत होता: कॅमेरा कुठे, कधी हलेल, कुठे थांबेल.

हे त्याला पहिल्याच चित्रपटात उमगलं. १९३० साली निर्माता सॅम्युएल गोल्डविनने त्याला विनोदी नट एडी कँटरच्या ‘वूपी!’साठी बोलावलं. बोलपट येऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. नाच चित्रित करण्याची तेव्हाची रीत अशी, की तीन-चार कॅमेरे वेगवेगळ्या जागी लावायचे, नाच सलग करून घ्यायचा आणि मग संकलकाने त्यातून तुकडे निवडायचे. बर्कलीने सांगितलं, मला एकच कॅमेरा हवा.

वरकरणी हा हट्ट वाटतो, पण त्यामागे धंद्याचं पक्कं ज्ञान आहे. चार कॅमेऱ्यांसाठी प्रकाश करायचा तर तो चारही बाजूंनी बरा दिसेल असा करावा लागतो, म्हणजे सपाट. एका कॅमेऱ्यासाठी प्रकाश नेमका पाडता येतो. चार कॅमेरे असले की ते एकमेकांच्या चौकटीत येऊ नयेत म्हणून सगळेच मागे, दूर राहतात, एकटा कॅमेरा नाचणाऱ्यांच्या मधे घुसू शकतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: एकच कॅमेरा असला की प्रत्येक तुकडा कुठून कसा दिसणार हे चित्रीकरणाआधी ठरवावंच लागतं. बर्कली ते डोक्यात ठरवूनच सेटवर येई. संकलकाच्या हाती एकापुढे एक जोडायचे तेवढेच तुकडे पडत. यात धोका उघड आहे. एखादा तुकडा फसला तर वापरायला दुसरा कोन शिल्लक नसतो, सेट पुन्हा लावा, मुली पुन्हा बोलवा. म्हणून तालमी लांबत, आणि बर्कलीच्या तालमींचा खर्च हा निर्मात्यांच्या कपाळावरच्या आठीचा विषय राहिला.

त्याच्या मदतीला आणखी एक नवी सोय आली होती. १९२९ साली एमजीएम स्टुडिओत एका गाण्याचं पुन्हा चित्रण करताना आधीची ध्वनिमुद्रिका सेटवर वाजवून त्यावर नाच करून घेण्यात आला, आणि ही पद्धत लवकरच सगळ्यांनी उचलली. सेटवर मायक्रोफोन नको झाला, म्हणून कॅमेऱ्याची घरघर चालेल. घरघर चालेल म्हणून त्याला आवाज अडवणाऱ्या बंद खोक्यात कोंडायला नको. कॅमेरा मोकळा झाला. बर्कलीने तो क्रेनवर चढवला, आणि कॅमेऱ्यासाठी एकेरी रूळही बनवून घेतला. गंमत म्हणजे वरून घेतलेला शॉट त्याच्या आधीही होता, १९२९च्या ‘द कोकोनट्स’मध्ये तो दिसतो. पण तो तिथे येतो आणि जातो. बर्कलीने त्याच्यापर्यंत जाण्याची आणि त्याच्यातून परत खाली येण्याची वाट बांधली.

परत खाली येणं लोक विसरतात. ‘वूपी!’मध्येच त्याने कोरसच्या मुलींचे जवळून चेहरे घेतले, एकीनंतर एक. तोवर कोरस म्हणजे मागची रांग, तिला जवळून कोण दाखवणार? वरून चेहरे पुसायचे आणि खाली येऊन एकेक चेहरा परत द्यायचा, ही त्याची जोडी आहे. ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’मधल्या ‘यंग अँड हेल्दी’ गाण्यात फिरत्या मंचांवरचा आकार वरून दिसतो, आणि शेवटी कॅमेरा जमिनीलगत मुलींच्या पायांच्या कमानींमधून सरकत जाऊन दोन हसऱ्या चेहऱ्यांपाशी थांबतो. फक्त वरचा शॉट कापून ठेवला तर बर्कली नुसता नक्षीवाला वाटतो, आणि तसं वाटणं त्याच्यावर अन्याय आहे.

नाच मोजायचा म्हणजे किती बारीक मोजायचा? फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी धावते. मिनिटाला १२० ठोक्यांची चाल असेल तर एका ठोक्याला १२ चौकटी येतात. एखादीचा हात पाव सेकंद उशिरा उठला तर तो सहा चौकटी मागे आहे, आणि साठ जणींच्या वर्तुळात सहा चौकटींचा उशीर नजरेला टोचतो. वर आणखी एक अडचण आहे: झोपून किंवा मान खाली घालून नाचणाऱ्या मुलीला शेजारणीकडे पाहून सावरता येत नाही. समोरच्या रांगेत डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून चूक सुधारण्याची सोय असते, इथे नाही. उरते फक्त मोजणी, बाराशे जवानांची, बिनआवाजाची.

जमीन हा दुसरा वैताग. बर्कलीला काळी, आरशासारखी चकचकीत जमीन आवडे, कारण तीवर पांढरे झगे उठून दिसतात आणि खाली प्रतिबिंब पडतं. पण अशा जमिनीवर टाचेचा एक ओरखडा पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. प्रत्येक टेकनंतर पुसा, वाळवा, मग पुढचा टेक. वरून दिवे सोडले तर कॅमेऱ्याची आणि त्याच्या मचाणाची सावली बरोब्बर वर्तुळाच्या मधोमध पडते, म्हणून दिवे बाजूने, उंचावर आणि पुष्कळ लावावे लागतात. तेव्हाची फिल्म आजच्या मानाने मंद होती, दिवे प्रखर लागत, आणि गरम हवा वर चढते. छपराजवळच्या कॅमेरामनच्या वाट्याला काय येत असेल ते वेगळं सांगायला नको.

१९३३ हे वर्ष त्याचं. अमेरिकेत मंदीने तळ गाठला होता, मार्चच्या सुरुवातीला रूझवेल्टने शपथ घेतली आणि देशातल्या बँका काही दिवस बंद ठेवल्या. त्याच आठवड्यात ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ पडद्यावर आला. दिग्दर्शन लॉइड बेकनचं, गाणी हॅरी वॉरन आणि अल डुबिनची, नाच बर्कलीचे. पाठोपाठ ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’, ‘फूटलाइट परेड’ आणि वर्ष संपता संपता गोल्डविनसाठी ‘रोमन स्कँडल्स’. एका वर्षात एवढं काम!

‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’मधल्या ‘शॅडो वॉल्ट्झ’ गाण्याचं काम चालू असताना, १० मार्चला संध्याकाळी सहाच्या सुमारास लाँग बीचचा भूकंप झाला. या गाण्यात मुलींच्या हातांत निऑनच्या नळ्या बसवलेली व्हायोलिनं होती. सेटवरचे दिवे घालवले की फक्त व्हायोलिनं अंधारात तरंगताना दिसतात. कल्पना देखणी, पण प्रत्येक वाद्यापासून मुलीच्या कपड्यांतून वीज खेळवलेली. भूकंपाने वीज गेली, काही व्हायोलिनांत शॉर्टसर्किट झालं, बर्कली क्रेनवरून जवळजवळ फेकला गेला आणि एका हाताने लोंबकळत राहिला. बऱ्याच मुली ३० फूट उंच मचाणावर होत्या, तीही मिट्ट काळोखात. त्याने वर चढून घेतलं आणि ओरडून सगळ्यांना जागच्या जागी खाली बसायला सांगितलं, स्टुडिओचे दरवाजे उघडून उजेड येईपर्यंत. नीट विचार केला तर त्या वेळी दुसरं काहीही सांगणं चुकीचं ठरलं असतं. अंधारात उंचावरून एक जण धावली असती तरी बाकीच्या पडल्या असत्या.

‘फूटलाइट परेड’मधलं ‘बाय अ वॉटरफॉल’ हे पाण्यातलं गाणं साधारण दहा मिनिटांहून जास्त चालतं. बर्कलीने सांगितलेले आकडे असे: ८० फूट बाय ४० फुटांचा तलाव, काचेच्या भिंती आणि तळ, धबधब्यावरून मिनिटाला २०,००० गॅलन पाणी, दोन आठवडे तालीम, सहा दिवस चित्रीकरण. काच अशासाठी की कॅमेरा पाण्याखालूनही बघू शकेल. पाण्यातली मोजणी जमिनीपेक्षा अवघड, कारण कान पाण्याखाली गेले की संगीत नीट ऐकू येत नाही, शरीर ठरलेल्या जागी थांबत नाही, आणि शेजारणीने मारलेला हात तुम्हाला फूटभर सरकवतो. म्हणून त्या गाण्यातले आकार बारकाईने पाहा: मुली बहुतेक वेळा एकमेकींना धरून आहेत, हाताने, पायाने, साखळीसारख्या. ती साखळी दिसायला सुंदर आहेच, पण तिच्यामुळेच आकार टिकतो.

आणि मग ‘रिमेंबर माय फरगॉटन मॅन’. बर्कलीचं एकच काम पाहायला मिळणार असेल तर हे पाहावं, असं मी कुणालाही सांगेन. ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ची सुरुवात होते ‘वी आर इन द मनी’ने, नाण्यांनी सजलेल्या मुलींच्या नाचाने, आणि तो नाच ज्यांचे पैसे थकले होते त्यांच्यासाठी सामान जप्त करायला आलेली माणसं मध्येच बंद पाडतात. चित्रपट संपतो तो या दुसऱ्या गाण्याने. आधीच्या क्रमात हे गाणं शेवटी नव्हतं, ते पाहून स्टुडिओचा मालक जॅक वॉर्नर आणि निर्मितीप्रमुख डॅरिल झॅनक इतके हलले की त्यांनी ते शेवटी नेलं. त्याच्या मागे ताजी घटना होती. युद्धात लढलेल्या सैनिकांना जाहीर झालेला बोनस मिळणार होता १९४५ साली. मंदीत उपाशी राहिलेले हजारो माजी सैनिक १९३२च्या उन्हाळ्यात तो आत्ताच द्या म्हणून वॉशिंग्टनला जमले, आणि जुलैअखेर लष्कराने त्यांना हुसकून लावलं.

गाणं सुरू होतं रस्त्यावर. नटी जोन ब्लाँडेल शब्द गात नाही, जवळजवळ बोलते. मग खिडकीत बसलेली एटा मोटेन तेच शब्द गाते, आणि गाण्याला खोली येते. नंतर सैनिक रांगेने युद्धावर निघतात, गर्दी जल्लोष करते, पावसात पुढे जाणाऱ्या रांगेशेजारून जखमींची रांग उलट परत येते. त्यानंतर रांग आहे ती फुकट अन्नासाठी ताटकळणाऱ्यांची, आणि चेहरे तेच. शेवटी मागच्या बाजूला उंच कमानींवर, एकावर एक, सैनिकांच्या काळ्या आकृत्या संचलन करत राहतात.

इथे बर्कली मला पूर्णपणे कळतो. हीच ती कवायत. माणसं रांगेत, सगळ्यांची पावलं एका ठोक्यावर, कोणाचा चेहरा वेगळा नाही. ‘यंग अँड हेल्दी’त याच मोजणीतून फूल उमलतं, इथे तिच्यातूनच माणसं संपत जातात. त्याने तंत्र बदललं नाही, एक कोनसुद्धा फारसा नवा वापरला नाही. रांग कुठून निघते आणि कुठे पोचते, एवढंच बदललं. ज्याने स्वतः बाराशे जणांना फ्रान्समध्ये चालवलं होतं, त्याला ते पंधरा-सोळा वर्षांत कुठे येऊन उभे राहिले हे दाखवायला वेगळं काही शोधावं लागलं नाही. आणि एक सल राहतेच: बर्कलीच्या कोरसमध्ये गोऱ्याच मुली असत. या गाण्याला ज्या बाईच्या आवाजाने वजन आलं ती काळी होती, आणि ती थोडा वेळ एका खिडकीत दिसते. जानेवारी १९३४मध्ये तिला व्हाइट हाउसमध्ये रूझवेल्टसमोर गायला बोलावलं होतं.

१९३४ ते १९३५ मधली कामं कारागिरीच्या दृष्टीने सगळ्यात पुढची आहेत. ‘डेम्स’मध्ये मुलींनी पाठीवर फळ्या घेतल्या आहेत. त्या वाकल्या की फळ्या जुळून नायिका रुबी कीलरचा प्रचंड चेहरा तयार होतो. ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३५’ चित्रपट त्याने स्वतःच दिग्दर्शित केला. त्यात ५६ पांढरे पियानो वॉल्ट्झच्या तालावर सरकतात, वळतात आणि एकमेकांना चिकटून एक मोठा पांढरा मंच होतो. पियानो खरे नव्हेत, हलके सांगाडे. प्रत्येकाच्या खाली काळे कपडे घातलेला एक माणूस, जमिनीवरच्या काळ्या पट्ट्या बघत तो पियानो पाठीवर घेऊन चालतोय. काळ्या जमिनीवर काळी पट्टी वरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, वाकलेल्या माणसाला दिसते. युक्ती इतकी साधी, पण तिच्यासाठी जमीन, कपडे आणि प्रकाश तिन्ही आधीपासून ठरलेले हवेत. त्या माणसांची नावं नामावलीत नाहीत. लक्ष देऊन पाहिलं तर त्यांचे पाय दिसतात.

त्याच चित्रपटातलं ‘ललबाय ऑफ ब्रॉडवे’. पूर्ण काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका, तो हळूहळू जवळ येतो, विनी शॉचा गाणारा चेहरा होतो. शेवटी ती मान मागे टाकते आणि चेहऱ्याच्या रेषेत मॅनहॅटन शहर दिसू लागतं. मग रात्रभर नाचून पहाटे घरी परतणाऱ्या मुलीची गोष्ट. मधल्या भागात वाद्यं थांबतात आणि शंभरेक जणांच्या टाचांचाच आवाज उरतो. शेवटी ती मुलगी उंच इमारतीवरून खाली पडते. या गाण्याला १९३५चं ऑस्कर मिळालं ते गीतकार-संगीतकारांना. नृत्यदिग्दर्शनाचं वेगळं ऑस्कर फक्त तीन वर्षं होतं, १९३५ ते १९३७. बर्कलीला तिन्ही वर्षं नामांकन मिळालं, पारितोषिक एकदाही नाही.

८ सप्टेंबर १९३५ला पॅसिफिक कोस्ट महामार्गावर त्याची गाडी समोरच्या गाड्यांवर आदळली. तीन माणसं गेली. त्याच्यावर दुसऱ्या श्रेणीच्या खुनाचा खटला चालला. दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, तिसऱ्यांदा, १९३६ साली, तो सुटला. टायर फुटला, हा बचाव होता. त्याच्या कामाबद्दल प्रेमाने लिहिताना ही तीन माणसं वगळू नयेत.

नंतरही काम चालू राहिलं, पण वर्ष १९३३सारखं पुन्हा आलं नाही. १९३४च्या मध्यापासून सेन्सॉरची नियमावली कडक झाली होती, वॉर्नरने नाचांवरचा खर्च कमी केला. १९३९ला तो एमजीएमकडे गेला, तिथे मिकी रूनी आणि जूडी गारलँड यांचे चित्रपट केले, आणि १९४३ला ‘गर्ल क्रेझी’वरून त्याला काढण्यात आलं. तालमी थकवून टाकणाऱ्या, माणूस कठोर, हे आरोप खरे होते. मुलींना आकाराचे ठिपके मानण्याबद्दल त्याच्यावर पुढे जी टीका झाली तीही मी नाकारणार नाही. ज्या कोनातून चेहरा दिसत नाही तिथून माणसाला वस्तू समजणं सोपं जातं. त्याच वर्षी फॉक्ससाठी त्याने ‘द गँग्ज ऑल हिअर’ केला, रंगीत, कार्मेन मिरांडाच्या डोक्यावर फळांची टोपी आणि मुलींच्या हातांत माणसाहून मोठी केळी. पूर्ण रंग हाती आल्यावर तो काय करू शकत होता याचा हा नमुना.

१९५०च्या दशकात जलतरणपटू नटी एस्थर विल्यम्ससाठी पाण्यातली गाणी. १९५२च्या ‘मिलियन डॉलर मरमेड’मध्ये लाल-पिवळ्या धुराचे लोट, झोके, उंचावरून सूर. याच चित्रपटात धातूचा मुकुट घालून विल्यम्सने उंचावरून सूर मारला आणि तिच्या मानेचे तीन मणके मोडले. कारण साधं होतं: पाण्यात शिरताना डोकं पाणी कापतं, पण ताठ मुकुट पाणी अडवतो, आणि तो सगळा दाब मान मागे ढकलतो. देखाव्यासाठी घातलेली वस्तू शरीराला काय करेल हे आधी मोजायला हवं होतं. १९५३च्या ‘स्मॉल टाउन गर्ल’मध्ये ॲन मिलर नाचते त्या जमिनीतून फक्त वादकांचे हात आणि वाद्यं वर आली आहेत, माणसं जमिनीखाली. पियानोखालचा काळ्या कपड्यांतला माणूस इथे उलटा झाला आहे.

१९६२च्या ‘जंबो’नंतर चित्रपटाचं काम थांबलं. पण त्याच दशकात जुने चित्रपट पुन्हा दाखवले जाऊ लागले, नव्या पिढीने ते शोधून काढले, आणि जानेवारी १९७१मध्ये ब्रॉडवेवर ‘नो, नो, नॅनेट’ हे जुनं नाटक नव्याने आलं तेव्हा देखरेखीसाठी बर्कलीचं नाव होतं. पंचाहत्तरीचा होता तो. नाच डोनाल्ड सॅडलरने बसवले होते. साठी ओलांडलेली रुबी कीलर त्यात टॅप, म्हणजे बुटांच्या ठोक्यांचा नाच करत होती, आणि तिला पाहायला लोक जागांवरून उठून उभे राहत. तिच्या पायांवरून नजर हलवायला कॅमेरा नव्हता, वर टांगायला मचाण नव्हतं. त्या नाट्यगृहात रांगांचे आकार नीट दिसले असतील ते सगळ्यात वरच्या गॅलरीत, सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या लोकांना.